शेवटची गाठ

वरून फॉर्म आलाय.
रकाना क्रमांक सात: नेतृत्वगुण. आहे / नाही.
वय वर्षं तीन ते पाच, एकूण मुलं सतरा,
त्यातली दोन अजून चड्डीचं बटण माझ्याकडून लावून घेतात.
मॅडम म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत द्या, शेलारबाई.
मी म्हटलं, देते.

भांडुपच्या टेकडीवर आमची बालवाडी.
तिथून खाली दवाखान्यापर्यंत एकशे चौदा पायऱ्या:
कुठे सिमेंट, कुठे फरशीचे तुकडे,
कुठे नुसतीच माती आणि देवाची दया.
म्हणून मी एक दोरी केलीय,
नवऱ्याच्या टेम्पोची, माल बांधायची,
हातभर अंतरावर एकेक गाठ.
एका गाठीला एक मूल.
गाठ सोडायची नाही, एवढाच नियम.

बुधवारी वजनं करायला निघालो.
पहिल्या गाठीला प्रज्योत.
आवाज खणखणीत, छातीवर बिल्ला,
बिस्किटाच्या खोक्याचा, मीच कापलेला.
"चला रे!" म्हणाला आणि सुटला,
जसं काही खाली कुणी पेढे वाटतंय.

नळाच्या वळणावर मोठा बॅनर आहे,
हात जोडलेले, दात सगळे दिसणारे.
"बाई, हा कोण?"
"पुढारी."
"मग याच्या मागे कोणाय?"
मी वाकून बघितलं.
मागे बांबू होते
आणि एक मांजर, कुशीवर निजलेलं.

साठाव्या पायरीच्या आसपास दोरी ताणली.
थांबली.
प्रज्योत खालून ओरडतोय, "ए, चल ना!"
मी मधोमध,
एका हातात रजिस्टर, दुसऱ्यात कुणाचं तरी नाक.

शेवटच्या गाठीला तस्मिया.
सबंध जूनपासून माझ्याशी चार शब्द बोललेली.
ती खाली बसली होती, फतकल मारून,
गाठ दोन्ही हातांनी पोटाशी धरून.
तोंडातून अक्षर नाही.

रागावणार होते. खरं सांगते, तोंड उघडलंही होतं.
मग दिसला तिच्या पुढच्या गाठीवरचा हर्षू:
एका पायात चप्पल, दुसरा पाय बगळ्यासारखा वर,
रडूही फुटू नये इतका घाबरलेला.
चप्पल चार पायऱ्या मागे राहिलेली.
तिला हाक मारता येत नव्हती.
गाठ सोडायची नव्हती.
मग जे जमलं, ते तिनं केलं.

प्रज्योत वर आला. नियम पाळून, म्हणजे दोरीसकट,
सगळ्यांना वळसे घालत,
असा गुंता झाला की वरच्या खोलीतल्या मावशी हसायला बाहेर आल्या.
त्यानं चप्पल आणली,
हर्षूचा अंगठा पट्ट्याबाहेर ठेवून घातली.
हर्षूनं तशीच चालवून घेतली.
उरलेल्या पायऱ्या प्रज्योत उतरला
दर दोन पायऱ्यांनी मान वळवत,
"कोण बसलं का?" विचारत.
बिल्ला कुठे पडला, कुणाला ठाऊक.

दवाखान्यात काट्यावर उभी केली.
तस्मिया शेख, बारा किलो सातशे.
नर्स म्हणाली, जरा कमीच आहे.
मी म्हटलं, आज पुरलं.

आता रात्र. भांडी झाली. फॉर्म समोर.
मी चौथीत मॉनिटर होते.
बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, तेवढंच काम.
अक्षर सुंदर होतं माझं, सगळे भ्यायचे.
एकदा मंदा जगदाळे बाकावर डोकं ठेवून रडत होती,
तिचंही नाव लिहिलं मी, आवाज केला म्हणून.

प्रज्योतपुढे "आहे" लिहिलं.
तस्मियापुढे पेन टेकवून बसलेय.
मॅडम विचारतील, कशावरून?
काय सांगू, बसली म्हणून?

राहू दे.
उद्या दोरीला आणखी एक गाठ मारायचीय,
तस्मियाच्या मागे, माझ्यासाठी.
दोरी पुरेल असं वाटतंय.